दया फुकट आहे, मग माझ्या चाळीस दिवसांचं काय?

वाडीवाली (वसई) | १८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, चर्चमध्ये कपाळाला राख लावून आले. कपाळ अजून पुसलेलं नाही. लहानपणी आई म्हणायची राख आपल्या हाताने पुसायची नाही, झोपेत उशीला लागेल ती लागेल. तेव्हापासूनची सवय.

इथे कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू सगळेच आहात म्हणून विचारते, वाद घालायचा म्हणून नाही, मला खरंच कळत नाहीये. गोष्ट अशी की मला एक धाकटा भाऊ आहे. बाबा गेल्यावर वाडीचे दोन हिस्से झाले, त्याने वर्षाच्या आत त्याचा हिस्सा विकला, पैसे तीन-चार वर्षांत उडवले, दारू होती, बाकीचंही होतं, मग नऊ वर्षं फोन नाही की चिठ्ठी नाही. मधल्या काळात आईला अर्धांगाचा झटका आला. तिला उठवणं बसवणं, अंघोळ, औषधं, रात्रीची उठबस, शिवाय उरलेली वाडी, सगळं मी आणि माझा नवरा. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी तो दारात उभा. हातात एक कापडी पिशवी. आणि माझी आई, जी माझं नाव अधूनमधून विसरते, तिने त्याला उंबऱ्यातच ओळखलं. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं आणि रडायला लागली.

तेव्हापासून तो घरात आहे. मी त्याला ताट वाढते पण बोलत नाही. चार महिने व्हायला आले.

आज मिस्सामध्ये (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) फादर म्हणाले देवाची दया कमवावी लागत नाही, आपण वळायच्या आधीच ती आपल्या वाटेवर उभी असते. ऐकायला गोड आहे. पण मग मी शुक्रवार पाळते, दर आठवड्याला क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) करते, चहातली साखर सोडलीय, इतकी वर्षं हे सगळं करतेय त्याचा हिशेब कुठे लागतो? तो आणि मी सारखेच का मग?

सुका_बोंबील (उत्तन) | १८ फेब्रुवारी, रात्री १०.३१

ताई, मोठ्या प्रश्नाला मोठी माणसं उत्तर देतील. मी फक्त साखरेचं बोलतो, चांगलं केलंस :) आमच्याकडे शुक्रवारी मटण बंद म्हणून पापलेट आणि कोलंबी येते. आजी म्हणायची ह्याला उपास म्हणत नाहीत, एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. ह्या वर्षी घरात ठरवलंय, शुक्रवारी डाळभात आणि वाचलेले पैसे डब्यात.

सायली_पुणे | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी ख्रिश्चन नाही, विचारलं तर चालेल ना? दया म्हटलं की मला भिकारी आठवतो. कोणाची तरी दया येते म्हणजे तो खाली आणि आपण वर. तुमच्या देवाची दया पण तशीच असते का? कारण तशी असेल तर मला तरी ती नको वाटेल. आणि उपासाचे नियम काय असतात नक्की? यंदा रमजान पण आत्ताच सुरू झालाय, ऑफिसात अर्धे लोक दुपारी जेवत नाहीयेत.

सुका_बोंबील | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

नियम तसे सोपे आहेत. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) ह्या दोन दिवशी उपास, म्हणजे एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं, वय १८ ते ५९. मटण-चिकन शुक्रवारी नाही, ते १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. दिवस मोजशील तर ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ भरतात पण सहा रविवार धरत नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. म्हणून ४०.

नगरकर_मास्तर | १९ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

वाडीवालीताई, तुमची पोस्ट रात्रीच वाचली, पण उत्तर लिहायला हात उचलला नाही. "जेवलास का रे" वर मी बराच वेळ थांबलो.

मी प्रोटेस्टंट, आमच्या आजोबांपासून नगरच्या मिशनच्या मंडळीतला. आमच्यात उपवासकाळ तुमच्याइतका कडक नाही, काही घरांत तर नाहीच. त्याला इतिहास आहे. १५२२ साली झुरिकमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी ऐन उपवासकाळात सॉसेज कापून वाटले, तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली हजर होते, त्यांनी स्वतः खाल्लं नाही पण नंतर चर्चमध्ये उभं राहून खाणाऱ्यांची बाजू मांडली. तिथली धर्मसुधारणा तिथून पेटली. त्यांचा मुद्दा तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे, की खाण्या-न-खाण्याने देव विकत मिळत नाही. पण म्हणून पश्चात्ताप नको असं आमच्यापैकी कोणी म्हटलेलं नाही. जर्मन धर्मसुधारक लूथरच्या १५१७ च्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा आहे की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्ताप असलं पाहिजे. चाळीस दिवस नाही, अख्खं आयुष्य.

आता तुमचा प्रश्न. बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातली गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत. धाकटा मुलगा हिस्सा घेऊन जातो, उधळतो, डुकरं राखायची वेळ येते, मग परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी देतो. फक्त डुकरांच्या जागी काय होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. आम्ही ती नेहमी उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणून सांगतो. मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या, माझं मत असं की ती उधळ्याची गोष्टच नाही. येशू ती कोणाला सांगतोय बघा. जकातदार आणि पापी लोक त्याच्याजवळ येऊन बसलेत आणि परूशी, म्हणजे सगळं नीट पाळणारे लोक, कुरकुर करतायत. गोष्ट त्या कुरकुरणाऱ्यांना सांगितलेली आहे. मोठा भाऊ शेतातून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो, आणि आत जात नाही. बापाला काय म्हणतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. घरचा मुलगा आहे तो, पण बोलतो गड्यासारखं. मला कधी करडू तरी दिलंत का म्हणतो. आणि भावाला भाऊ म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो.

रात्रपाळी (नर्स, मुंबई) | १९ फेब्रुवारी, दुपारी २.०२

मास्तर, सगळं मान्य, पण मला राग येतोय. हे मोठ्या भावाचं प्रवचन नेहमी घर सांभाळणाऱ्या बाईलाच का ऐकावं लागतं? इतकी वर्षं आईचे कपडे हिने बदलले. लकव्याच्या माणसाला कुशीवर वळवणं काय असतं ते मी रोज बघते, दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिने आधी थोडं चिडून घेतलं तर चिडू दे की.

नगरकर_मास्तर | १९ फेब्रुवारी, दुपारी २.४०

बरोबर बोललात. घाई केली मी. माफ करा ताई.

सिस्टर_दूरगावी | १९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

सायली, तू फार छान विचारलंस, त्यावर लिहिते.

दया हा शब्द मराठीत खरंच थोडा वरून खाली येतो. पण बायबलच्या मूळ हिब्रूत जे शब्द आहेत त्यातला एक आहे रहमीम. तो रेहेम ह्या शब्दावरून येतो, रेहेम म्हणजे गर्भाशय. बाईला पोटच्या पोराबद्दल जे वाटतं ते. दुसरा शब्द हेसेद, म्हणजे दिलेला शब्द न सोडणारं प्रेम, समोरच्याने सोडला तरी. आणि लूकच्या त्या गोष्टीत बापाने मुलाला लांबून पाहिलं तेव्हा त्याला कळवळा आला असं आपण वाचतो, तिथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते आतड्यांच्या शब्दावरून केलेलं आहे. आतडं पिळवटलं. लूकने ते तीनच ठिकाणी वापरलंय, नाईन गावच्या विधवेचा एकुलता मुलगा दगावतो तिथे, चांगल्या शोमरोन्याला जखमी माणूस दिसतो तिथे, आणि इथे.

हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मला माझी आजी आठवली. ती देव्हाऱ्यासमोर, म्हणजे आमच्या येशूच्या हृदयाच्या तसबिरीसमोर, रोज म्हणायची, "देवा, लेकराचे अपराध पोटात घाल." आपल्या भाषेत माफ करण्याला पोटात घालणं म्हणतात, सायली. आजीला हिब्रू येत नव्हतं आणि यायची गरजही नव्हती. वरून खाली टाकलेली भीक पोटात घालत नाहीत. पोटात घालायचं ते आपलंच असतं.

सायली_पुणे | १९ फेब्रुवारी, रात्री ९.४८

अंगावर काटा आला सिस्टर. हा शब्द मी हजार वेळा वापरलाय.

कडवट_पण_खरं | २० फेब्रुवारी, सकाळी ९.३०

सगळे गहिवरलात म्हणून मी जरा उलट लिहितो. देव सगळं पोटात घालतो हे एकदा कळलं की माणूस बेफिकीर होतो, हे मी आमच्याच गावात बघतो. वर्षभर व्याजाने पैसे लावायचे, शेजाऱ्याचा बांध कोरायचा, आणि शुभ शुक्रवारी सर्वात मोठा क्रूस ह्यांच्याच खांद्यावर. कन्फेशनला, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली द्यायला, रांगेत पुढे. देव माफ करतो ठीक आहे, पण ज्याचा बांध कोरला त्याचं काय? आज शुक्रवारचं पहिलं वाचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातलं होतं, ऐकलंत का कोणी? लोक म्हणतात आम्ही उपास केला, देवा तू बघितलं का नाहीस, आणि देव म्हणतो उपासाच्या दिवशी तुम्ही तुमच्याच मजुरांना पिळून काढता. मला हवा तो उपास म्हणजे बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर देणं, उघड्याला पांघरूण घालणं. हे राखेबिखेपेक्षा स्पष्ट आहे. भावाने हिस्सा उडवला, त्याने निदान आईच्या औषधाचा खर्च तरी भरावा. मग दया.

अनवाणी | २० फेब्रुवारी, रात्री ११.१०

मी इथे वाचतो फक्त, लिहीत नाही. पण आज लिहितो.

मी तो धाकटा. म्हणजे ताईंचा भाऊ नाही, पण तसाच एक. सहा वर्षं झाली दारू सोडून. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो, आमची मीटिंग एका चर्चच्या हॉलमध्येच भरते. मी परत आलो तेव्हा माझ्या वडिलांनी दार उघडलं आणि काही न बोलता गीझर लावला. मला अंघोळीची गरज होती, ते त्यांना दिसलं. शिव्या दिल्या असत्या तर मी पायरीवरून परत गेलो असतो, तयारीच होती माझी, काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो. गोष्टीतला पोरगा पण भाषण पाठ करून येतो ना, मला गडी म्हणून ठेवा वगैरे, आणि बाप ते पूर्ण होऊच देत नाही.

पण @कडवट दादांचं एक म्हणणं मला पटतं आणि मी ते जगून बघितलंय. आमच्या बारा पायऱ्यांत आठवी आणि नववी अशी आहे की ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे भरपाई करायची, फक्त भरपाई करताना त्यांना आणखी इजा होणार असेल तर नाही. मी बहिणीचे दागिने विकले होते. चार वर्षं लागली फेडायला. पण ती फेड मी वडिलांच्या घरात राहून, त्यांच्या हातचं जेवून केली. रस्त्यावर असताना मला कोणी म्हटलं असतं आधी फेड मग ये, तर मी आज लिहायला नसतो. आधी गीझर, मग फेड. उलटं होत नाही.

ताई, तुमचा भाऊ चार महिने घरात आहे. पितो का अजून? नसेल तर त्याला तुमच्या प्रत्येक न बोललेल्या ताटाचा आवाज ऐकू येतो, एवढं मी खात्रीने सांगतो. तुम्ही चुकताय असं म्हणत नाही.

नगरकर_मास्तर | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

अनवाणी, तुम्ही जे लिहिलंत ते बायबलमधल्या जक्कयच्या गोष्टीत तसंच्या तसं आहे. तो जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू खालून म्हणतो लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. चोराच्या घरी जेवायला. त्यानंतर, त्यानंतर हं, जक्कय उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. येशूने आधी पावती मागितली नाही. पण कडवटरावांनी हेही बघावं की चौपट दिलं गेलं. दया मिळाली म्हणून हिशेब बंद नाही झाला, दया मिळाली म्हणून तो माणूस हिशेब करायला लागला.

हिशेबनीस | २१ फेब्रुवारी, दुपारी १.१५

हिशेब म्हटलं म्हणून आलो. बायबलमधल्या मत्तयच्या १८ व्या अध्यायात ऋणको चाकर आहे ना, राजा त्याचं दहा हजार टॅलंटचं कर्ज सोडतो आणि तो बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मी एकदा बसून मांडलं. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे राजाने सोडले सहा कोटी दिवसांचे रोज, एकही सुट्टी न घेता १ लाख ६४ हजार वर्षं. आणि सोबत्याकडे अडकले होते शंभर दिवस.

आता माझं म्हणणं नीट ऐका, शंभर दिवस म्हणजे काही कमी नाही. तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर घर हलतं. येशू असं म्हणत नाही की तुझे शंभर काहीच नव्हते. ताईंचे नऊ वर्षांचे दिवस खरेच आहेत, रुपयाला रुपया. तो फक्त म्हणतो की वहीचं मागचं पान पण एकदा उघड.

पेडण्याची (गोवा) | २२ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आमच्या शेजारच्या काकी ह्या दिवसांत कुमसाराला जातात, कन्फेशनला त्या कुमसारच म्हणतात, आणि आल्यावर चेहरा असा हलका असतो की मला त्यांचा हेवा वाटतो, मी हिंदू असून. गोव्यात ह्या काळात चर्चमध्ये मोतेत (भक्तिगीतं) गातात, लॅटिन, सोबत व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. मला एक शब्द कळत नाही पण ऐकताना घसा दाटतो. आणि गोवा वेल्हाला झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते, एकामागून एक मूर्ती खांद्यावर, सगळ्या धर्मांची माणसं रस्त्याच्या कडेला उभी. कोणी बघितली नसेल तर एकदा नक्की या.

सुका_बोंबील | २२ फेब्रुवारी, रात्री ८.५५

आमच्याकडे पवित्र गुरुवारच्या (शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवसाच्या) रात्रीपासून घंटा बंद होतात आणि लाकडी खटखट वाजवतात. लहानपणी ती कोण वाजवणार ह्यावरून आम्ही मुलं भांडायचो. माझा नंबर एकदाच लागला, अजून हाताला आठवते.

मेलबर्नवाली | २३ फेब्रुवारी, पहाटे ५.२०

इथे हा काळ पानगळीत येतो, वसईच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला दर वर्षी चुकल्यासारखं वाटतं. राख लावून ऑफिसला गेले तर लिफ्टमध्ये एकीने टिश्यू पुढे केला, कपाळाला काहीतरी लागलंय म्हणाली. मी सांगितलं काय ते. ती म्हणाली तिची आई पण लावायची, आणि मग पाच मजले आम्ही दोघी गप्प उभ्या. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासोबत चर्चला आली. एवढंच सांगायचं होतं.

वाडीवाली | २३ फेब्रुवारी, रात्री १०.४०

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. @अनवाणी, नाही, तो पीत नाही. निदान मला दिसलेलं नाही. सकाळी आईला उन्हात नेऊन बसवतो, तिचे पाय दाबतो.

पण मला एक सांगा. त्या गोष्टीत मोठ्याला कोणी विचारलं का रे, तू जेवलास का? तो शेतातून आला होता. उन्हातून. घरात मेजवानी चालू आहे आणि त्याला बोलवायला शेतात कोणी माणूस पाठवला नाही, त्याला चाकराला विचारावं लागलं काय चाललंय म्हणून. मला तिथेच लागतं. मला करडू नको होतं. मास्तर, तुम्ही म्हणालात तो गड्यासारखा बोलतो. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही की माणूस गड्यासारखाच बोलायला लागतो.

रात्रपाळी | २३ फेब्रुवारी, रात्री ११.५८

ताई 🙏

मी मागे चिडून लिहिलं त्याचं कारण सांगते. माझी चुलतबहीण नवऱ्याचा मार खायची. दर उपवासकाळात तिला कोणी ना कोणी सांगायचं की ख्रिस्ताने सोसलं, तूही सोस, क्षमा कर. तिने सातव्या वर्षी घर सोडलं. तिने त्याला माफ केलंय असं ती म्हणते आणि मी विश्वास ठेवते, पण ती परत गेली नाही आणि जाणारही नाही. माफ करणं आणि परत जाऊन मार खाणं ह्या दोन गोष्टी आहेत. दयेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी म्हणावं असं मला वाटतं. ताई, तुमची केस तशी नाही हे कळतंय, तरी ही जागा सोडून पुढे जाऊ नये म्हणून लिहिलं.

सिस्टर_दूरगावी | २४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

रात्रपाळी, शंभर टक्के. क्षमा म्हणजे झालेल्याला बरोबर म्हणणं नाही. बरोबर असतं तर क्षमेची गरजच काय होती?

आणि वाडीवाली बाई, तुझ्या प्रश्नावर मी रात्रभर विचार केला. शेतात माणूस पाठवला नाही हे खरं आहे, ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं. पण बाप बाहेर आला. पाहुणे आत टाकून, यजमान असताना, अंगणात आला आणि मोठ्याची मनधरणी करत उभा राहिला. धाकट्यासाठी तो वाटेवर धावला, मोठ्यासाठीही घराबाहेर आला. दोन्ही मुलांसाठी उंबरा त्यानेच ओलांडलाय. आणि मोठ्याला तो हाक कशी मारतो, तर बाळा. तू नेहमीच माझ्याजवळ आहेस आणि माझं ते सगळं तुझंच आहे. आई विसरली असेल विचारायला, आजारी आहे ती. मी विचारते, तू जेवलीस का गं?

इंदूरकर | २५ फेब्रुवारी, रात्री ९.००

आज २५ फेब्रुवारी म्हणून इथलं एक लिहितो. १९९५ साली आजच्या तारखेला उदयनगरजवळ बसमध्ये सिस्टर राणी मारिया ह्यांना भोसकून मारलं. केरळच्या, इथे आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या हातून लोकांना सोडवायच्या, तेच कोणालातरी सहन झालं नाही. मारणारा समंदर सिंह जेलमध्ये गेला. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी, तीही सिस्टर, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधून आली. पुढे तो सुटला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता.

मला यातलं एकच कळतं. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून क्षमा मिळाली, की क्षमा मिळाली म्हणून तो बदलला, हे तुम्ही कितीही वेगळं करायला गेलात तरी ती राखी मध्ये येते.

नगरकर_मास्तर | २५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

आज तुमच्याकडच्या मिस्सात योनाचं वाचन असेल, देवाने निनवे शहराला बजावायला पाठवलेला बायबलमधला संदेष्टा. निनवेने उपास केला, राजापासून गुराढोरांपर्यंत गोणपाट नेसले, देवाला दया आली. पुढचा अध्याय मात्र कोणी फारसा वाचत नाही. योना चिडतो. म्हणतो, मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर मी पळून चाललो होतो! देवाच्या दयेवर रागावलेला संदेष्टा. देव त्याला ओरडत नाही. त्याच्या डोक्यावर सावलीला वेल उगवतो, नंतर तो वाळवतो, आणि मग एक प्रश्न विचारतो, आणि पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. लूकची गोष्टही तशीच, मोठा आत गेला की नाही ते सांगितलेलंच नाही. मी वर्गात मुलांना विचारायचो काय झालं असेल. बहुतेक मुलं म्हणायची गेला असेल, भूक लागली असेल ना.

कडवट_पण_खरं | २६ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

मास्तर :) मुलांचं उत्तर मान्य.

माझं बांधाचं म्हणणं मी सोडत नाही. पण काल रात्री विचार करत होतो की ज्याने माझा बांध कोरला त्याच्याकडे मी स्वतः कधी जाऊन बोललोय का. नाही. गावभर बोललोय. ह्या शनिवारी जातो, बघू.

सायली_पुणे | २८ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर चारच दिवसांनी, १७ मार्च २०१३ ला, खिडकीतून लोकांशी बोलताना म्हणाले होते की देव क्षमा करून थकत नाही, आपणच क्षमा मागून थकतो. हे कुठेतरी वाचलं होतं, तेव्हा नुसतं छान वाक्य वाटलं होतं. ह्या धाग्यानंतर वेगळं वाटतंय. माझ्या सासूबाईंशी माझं दोन वर्षं नीट बोलणं नाही, कारण इथे लिहीत नाही. आज त्यांना विचारलं जेवलात का. त्या म्हणाल्या हो, तू? बास.

वाडीवाली | ७ मार्च, रात्री ९.२५

आज शनिवार. मिस्साला गेले तर शुभवर्तमान तेच, दोन मुलांचं. मला माहीत नव्हतं आज येणार आहे. ह्या वेळी मी मोठ्याच्या जागी उभी राहून ऐकलं आणि फादर "बाळा" म्हणाले तेव्हा मला पुढचं ऐकूच आलं नाही. कन्फेशनला बसले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. साखरेचं, शुक्रवारचं काहीच निघालं नाही त्यात, निघालं ते चार महिन्यांचं. हिशेब कुठे लागतो असं मी विचारलं होतं. मला वाटतं मी वही चुकीच्या माणसाला दाखवत होते. उपास सोडणार नाही. पण आता तो मी देवाला काही द्यायचा म्हणून धरत नाहीये, माझ्यात काय अडकलंय ते रिकाम्या पोटी लवकर दिसतं म्हणून धरतेय.

घरी आले तर दुपार. मागच्या अंगणात राजेळी केळी सोलून वाळत टाकलेली आहेत, सुकेळीसाठी, आज पाचवा दिवस. बघते तर कोणीतरी सगळी पालटून ठेवलेली, एकाला एक न चिकटता, बाबा ठेवायचे तशी, देठाची बाजू एकाच दिशेला. मला ते कधीच जमलं नाही. संध्याकाळी तो अंगणातूनच म्हणाला, "ताई, दव पडायच्या आत आत घेऊ का?" नोव्हेंबरपासून त्याने मला पहिल्यांदा हाक मारली, की त्याआधीही मारली होती आणि मी ऐकली नव्हती, माहीत नाही.

मी म्हटलं घे. मग म्हटलं थांब, एकट्याला चटई उचलायची नाही, केळी घरंगळतील.

दोघांनी दोन टोकं धरली. आईने खिडकीतून विचारलं, कोण कोण आहे रे तिकडे? तो म्हणाला, आम्ही दोघं.

अनवाणी | ७ मार्च, रात्री ९.४१

🙏🙏

रात्रपाळी | ७ मार्च, रात्री १०.०३

ड्युटीवर आहे, मास्कच्या आत रडतेय. ताई, आईच्या पाठीची काळजी घ्या, आता वळवायला दोन माणसं आहेत.

सायली_पुणे | ८ मार्च, सकाळी ८.००

ताई, किती छान. आणि सुकेळी पुण्याला पाठवता येतील का? इथे चांगली मिळतच नाहीत.

वाडीवाली | ८ मार्च, सकाळी ८.४५

येतील की. अजून दोन-तीन दिवस ऊन लागेल. पत्ता मेसेजमध्ये टाक, भावाचा नंबर देते, पार्सलचं तोच बघेल.